कव्हराखालचं पांढरं

कव्हर ओढलं तर कडेला पांढरी भुकटी,
रांगोळीची चिमूट सांडल्यासारखी.
बोटानं पुसली, गेली.
खाली बारीक खड्डे, देवीच्या व्रणांसारखे.

मी कळमन्याच्या बाजारात
संत्र्यांचे ढीग टॅबवर चढवते:
किती क्रेट, कोणत्या गावचे, कुठे अडला भाव.
हात दिवसभर सालीच्या तेलानं चिकट.
एप्रिल लागला की घाम,
आणि घरी कूलरची वाळ्याची ओल.

बर्डीवरचा उईके डोळ्याला भिंग लावून म्हणाला,
"दोन वेगळ्या वाणाचे धातू, ताई.
मधात घामाचा थेंब पडला
का झाली बॅटरी सुरू.
चालून राह्यली गुपचूप.
नरम असते थे झिजते."

नरम कोण?

"तुमचा टॅब. चुंबकाले काय होते?"

मी उगाच हसले.

मग त्यानं सांगितलं,
चुंबक टेकतं तिथं टेपची पारदर्शक पट्टी,
कव्हराच्या धातूवर बिनरंगी नेलपॉलिशचा हात,
सुकल्याबिगर लावायचं नाही,
आणि रात्री दोघांना वेगळं निजवायचं.
पैसे घेतले नाहीत.
टेप मात्र समोरच्या दुकानातून मलाच आणायला लावली.

आता टॅब कपाटावर, कूलरच्या वाऱ्यापासून लांब.
कव्हर खुर्चीच्या पाठीवर.
सकाळी जवळ नेलं
की अजून तसंच खट्‌कन बसतं,
मध्ये पट्टी असूनही.

खड्डे आहेत तेवढेच.
मोजलेले नाहीत,
पण रोज बोट फिरतं तिथं,
त्याला कळतं.