सात नंबर, आठ नंबर

उजवी सात नंबर, डावी आठ.
कटाईवर कुणाचातरी डोळा लागला असणार.
व्यापाऱ्यानं जोडी परत केली, मजुरी कापली,
आणि ती चप्पल माझ्याकडंच राहिली.
वेणी मात्र बघत राहावी अशी. मीच घातलेली.

सुभाषनगरात दोन खोल्या.
पुढच्या खोलीत वेण्या घालतो, मागच्या खोलीत जगतो.
कातड्याची कातरण दोन्हीकडं.
एकदा भाजीत सापडली होती,
पोरगा तेव्हा इथंच होता,
हसला, ताटाच्या कडेला काढून ठेवली, जेवला.
आता तो चाकणला, आणि झाडू दाराआड.

एकटीचं घर झाडायचं कुणासाठी?
हा प्रश्न लई दिवस कोपऱ्यात पडून होता.
त्याच्यावर पण धूळ बसली.

शेजारच्या दिलशादसंगं मॉलमध्ये गेलो होतो एकदा.
निळी बाटली, बाटलीवर हसणारी बाई,
फरशीत तोंड दिसायलंय तिला.
एकशे नव्वद रुपये.
म्हणजे किती जोड्यांच्या वेण्या, बोटांवर मोजलं,
बाटली होती तिथं ठेवली.
बाई हसतच होती.

मग एका शनिवारी काय सुचलं कुणास ठाऊक,
ती सात-आठची जोडी उचलली
आणि उंबऱ्याबाहेर मांडली.
टाचा रस्त्याकडं, अंगठे घराकडं,
कुणीतरी आत आल्यासारखी.

आता पाहुणं आलंय म्हटल्यावर
बसून कसं चालंल?

कुकर लावला. तीन शिट्ट्या, तेवढंच काम.
पहिलीला फळी,
दुसरीला खिडकीचे गज,
तिसरीला जिथं पोचलो तिथं थांबायचं,
दार अर्धंच पुसलं असलं तरी.
एका दिवसात सगळं ओढलं
की दुसऱ्या दिवशी हात उठत नाही,
हे मला वेणीनंच शिकवलंय.

रंगराव मिसळवाल्याकडनं पिळलेली लिंबं मागून आणतो.
तो म्हणतो, "शालनाक्का, लोणचं घालताय काय?"
म्हटलं, "मोरीला घालतोय."
चिंचेचा कोळ तांब्याला, फाटका परकर फरशीला,
बादलीत मूठभर खडेमीठ,
आरशाला कालचा पेपर.
पुसता पुसता एखादी बातमी वाचून होते:
राधानगरीचे दोन दरवाजे उघडले.
पुढचं ओलं होऊन फाटलं.

पाहुणं बदलत असतंय.
कधी इचलकरंजीची नणंद,
फळीवर बोट फिरवून बोटाकडं बघणारी.
ती आली की काम झपाट्यानं होतंय,
पण नंतरचा चहा गोड लागत नाही.
कधी शाळेतल्या पाटोळेबाई,
त्यांच्यासाठी डबे उंचीप्रमाणं लावतो,
प्रार्थनेला पोरं उभी करायच्या तशा.
एकदा तर माझी आईच आली.
त्या दिवशी काही केलं नाही.
कुकर उतरवला,
नुसता बसलो दोघीजणी.

व्यापाऱ्याचा पोरगा माल न्यायला आला होता परवा,
दारातली जोडी बघून बाहेरनंच ओरडला,
"पाहुणं हैत व्हय? मग उद्या येतो!"
मी हाक मारीपर्यंत गाडी कोपऱ्याला.
पैसे एक दिवस लांबले.
हसू मात्र रोखीत आलं.

खाटेखालचं अजून राहिलंय.
तिथं पोराची पत्र्याची पेटी आहे,
शाळेच्या वह्या, एक क्रिकेटचा ग्लोव्हज, असलं काय काय.
शिट्ट्या तिथवर पुरत नाहीत.
राहू दे.

काल दिवेलागणीला लिंबं घेऊन परत आलो
तर दारात चप्पल, आत दिवा,
मिठाच्या पाण्यानं पुसलेली फरशी अजून ओलसर,
आणि क्षणभर मलाच कळेना
कोण आलंय.

माझी चप्पल त्या जोडीशेजारी काढली.
पाय पुसूनच आत गेलो.