गहाणाचं भांडं

त्या कागदावर असं होतं :
देणं, चाळीस बैल, मिठाची नऊ पोती.
एक शिंगही कमी चालणार नाही.
फिटेपर्यंत रोदाम, वय सतरा, दात शाबूत.
वडिलांनी शिक्का दाबला तेव्हा
मेण जरासं बाहेर ओघळलं,
ते त्यांनी नखानं खरवडून काढलं.
त्यांच्या हाताचं एवढंच आठवतं.

खिंड उतरून आम्ही रिओनीच्या काठाला आलो.
बुरुजातली खोली मिळाली. तळघरात
जमिनीत गळ्यापर्यंत पुरलेले माठ,
त्यांत द्राक्षरस आंबायचा.
रात्रभर खालून बुडबुड यायची,
जसं कुणी झोपेत बोलतंय
आणि आपल्याला त्यातलं अर्धंच कळतंय.

पहिल्या वर्षी राजपुत्र एलिझबार
फक्त बघायला यायचा. आहे ना, खोकत नाही ना.
दुसऱ्या वर्षी अक्रोड घेऊन आला
आणि उंबरठ्याबाहेरच बसून सोलत राहिला.
अक्रोडाच्या हिरव्या सालीनं बोटं काळी होतात.
पंधरा पंधरा दिवस तो रंग जात नाही.

आमच्या डोंगरात गहाणाचं भांडं वापरत नाहीत.
घासूनपुसून फळीवर पालथं घालतात.
त्यानं ही रीत पाळली. मुद्दाम सांगते,
कारण पाणवठ्यावरच्या बायका दुसरंच सांगतात.
कडी आतून होती.
तिसऱ्या हिवाळ्यात ती मी काढली.
थंडी होती म्हणा. राग होता म्हणा,
चाळीसपर्यंत मोजायला
इतकी वर्षं लावणाऱ्या माझ्या माणसांचा.
आणि ती काळी बोटं होती.

मग रेशीम आलं, दासी आली,
पंगतीत जागा मात्र आली नाही.
त्याची लग्नाची बायको मारेख
दर ईस्टरला एक लाल अंडं पाठवायची,
सोबत निरोप नाही, शिवीही नाही.
मी एकही फोडलं नाही. कोनाड्यात पाच झाली.
हलवलं की आत काहीतरी
वाळलेलं, खडखडणारं.

आठव्या वर्षी भाऊ आला.
आधी घंटा ऐकू आल्या, मग धूळ, मग तो,
दाढी आलेला, वडिलांसारखा चालणारा.
मीठ उतरवलं. तोललं. बरोबर भरलं.
कारकुनानं बोरू बुडवला आणि विचारलं,
"देणं फिटलं, तर बाईंना आता काय म्हणून लिहू?"
एलिझबार खिडकीबाहेर बघत राहिला.
बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं.
भावानं माझ्या पोटाकडं पाहिलं
आणि पटकन बैलांकडं.

मी जिना उतरले. चिखलातून,
शेपट्या बाजूला सारत, एकेकाच्या पाठीवर
हात ठेवून मोजले. पुन्हा मोजले.
भाऊ मागून म्हणाला, एक खिंडीत घसरला,
आईची शपथ, रोदाम, आम्ही दोर टाकला होता.
मला ते खरं वाटलं.

त्याच्या खांद्यावरचं गवत मी झटकलं.
"लिही," कारकुनाला म्हणाले,
"एक कमी."