शिवण

बिशी लागली, अठरा हजार.
वाटी घडव सोन्याची, नणंद म्हणाली.
मी नागदेवी स्ट्रीटला जाऊन
जुनं टिग मशीन उचललं, साडेदहाला.
पाठीवर खिळ्यानं कोरलेलं: हात लावू नये.
पॅडल नव्हतं. त्याचे वेगळे चार हजार.

सव्वीस वर्षं पार्कसाइटला ब्लाउज शिवतेय.
पाय अजून टेबलाखाली पॅडल शोधतो,
टाच, चवडा, टाच, चवडा, मोकळ्या लादीवर.
इनासमामा हसतो.
बाई, करंट आधीच लावायचा. मग जे होईल ते.

गाळा त्याचा, असल्फ्याला. रात्री नऊनंतर एक कोपरा माझा.
भाडं म्हणून त्याचे जळके हातमोजे शिवून देते.
भंगारातल्या स्टीलच्या पट्ट्या किलोनं,
कुठल्याशा हॉटेलच्या ओट्याच्या,
अजून तेलाचा वास. आधी पुसायचं, मग पुन्हा पुसायचं.

सिलिंडर मात्र उधार मिळत नाही.
आर्गॉन म्हणजे काहीच न करणारी हवा.
जळत नाही, जाळत नाही,
नुसती जोडाभोवती उभी राहते
आणि दुसऱ्या हवेला आत येऊ देत नाही.
याचे सहा हजार अनामत!
आमच्याकडे हे काम सासूबाई फुकट करायच्या.

म्हणून पंखा बंद. पंख्यानं ती उडून जाते.
वर पत्रा, अंगावर चामडं,
हेल्मेटच्या आत चाळिशीचा चष्मा, त्यावर वाफ.

डाव्या हातातली तार बोटांनी पुढे सारायची,
हे मला एका संध्याकाळीत आलं.
मामाच्या पोरांना महिना लागला होता, तो स्वतः म्हणाला.
पण टंगस्टनची सुई टेकवायची नसते,
आणि माझी सुई गेली सव्वीस वर्षं
टेकल्याशिवाय राहिलेली नाही.
टेकली, की टोकाला काळा गोळा.
पुन्हा ग्राइंडर, उभं घासायचं, आडवं नाही.
पहिल्या कांडीचं आता खुटुक उरलंय.

काल पहिल्यांदा ते दिसलं.
काळ्या काचेत हुकाच्या काजाएवढं पाणी,
दोन्ही काठ त्यात विरघळलेले,
धागा नाही, गाठ नाही,
कापडच वितळून कापडाला मिळालेलं.
थंड झाल्यावर कडेला एक जांभळट निळा,
ज्या निळ्याचा दोरा मला
अख्ख्या मंगलदास मार्केटात मिळालेला नाही.
जेमतेम दोन इंच. पुढे राखाडी, करपलेलं.

मी दोन्ही हातांनी ताणून बघितलं,
शिवण बघतात तसं.
मामा काही बोलला नाही. पट्टी शिकंजात आवळली
आणि हातोडी घातली.

अर्धी सुटली, अर्धी राहिली.
मी आधी उसवलेलीच बाजू उजेडात धरली.
धंद्याची सवय.

उद्या नको, उद्या पेडणेकरीणबाईंचे सहा ब्लाउज.
परवा नऊला.