पार्श्वभूमी, तीस शब्दांत

दर तीन वर्षांनी संवर्धन मंडळ नवं होतं
आणि मी तोच तक्ता पुन्हा टाईप करते:
नाव, गाव, पार्श्वभूमी.
तिसऱ्या रकान्यात तीस शब्दांची जागा.
पाठीमागे असेल नसेल ती जमीन
तेवढ्यात बसवायची.

रीपेका होनेनं आधी डोंगराचं नाव लिहिलं,
मग नदीचं, मग आजीच्या आजीचं.
स्वतःपर्यंत येईतो शब्द संपले.
मी म्हटलं, तुम्ही कोण ते राहिलंच.
ती म्हणाली, तेच तर लिहिलंय.

नेव्हिल क्रॉस : वैमानिक, निवृत्त. एवढंच.
हेलिकॉप्टरच्या दारातून
एका हिवाळ्यात किती हरणं टिपली, ते नाही.
मांस जर्मनीला जायचं.
आता तो किआ पोपटांच्या नोंदी ठेवतो
आणि पोपट त्याच्या गाडीच्या वायपरचं रबर खातात.
तक्रार करत नाही. नवं बसवतो.

हेंक फॅन डर वीन समुद्रसपाटीच्या खाली जन्मला,
हॉलंडमध्ये, बांधाच्या आड.
इथं आला, दलदल उपसली, दोनशे गाई पोसल्या,
आता त्याच दलदलीला कुंपण घालून
पाणी परत यायची वाट बघतो.
बायको म्हणते, माणूस आहे का भरती-ओहोटी.

पिप ऑर्चर्ड सव्वीस वर्षांची, वटवाघळं मोजते.
एकाचं वजन, ती सांगते, तीन चमचे साखर.
तेव्हापासून माझा चहा कोराच.

अध्यक्ष ग्वेन ड्रमंड. बावीस वर्षं पोस्ट सांभाळलं.
कुणाचं पत्र कुणाला आलं हे तिला माहीत,
आणि तिनं ते कधी कुणाला सांगितलं नाही,
म्हणूनच ती अध्यक्ष.

राहिला क्लॅरी स्टब्ज.
त्याचा रकाना कोरा.

मार्चच्या बैठकीत विषय क्रमांक चार :
डनबारच्या ओढ्यावरची जुनी लाकूडगिरणी.
म्हणजे गंजलेला बॉयलर आणि चार खांब.
ओढा काठ खात आलाय.
दगडी भिंत बांधून वाचवायची,
की जाऊ द्यायचं?

त्याआधी नियमाप्रमाणे
ग्वेननं विचारलं, कुणाचे हितसंबंध?
नेव्हिलनं मान हलवली, हेंकनंही.
क्लॅरीनं डावा हात वर केला.
'माझी दोन बोटं तिथं आहेत,' तो म्हणाला,
'एकोणसाठ साली पुरली, बॉयलरच्या मागे.
बापानंच खड्डा खणला. मी पंधराचा होतो.'

नियमावलीत बोटांबद्दल काही नाही.
ग्वेननं दोनदा पानं उलटली.
मग क्लॅरी स्वतःच उठला,
कोट घेतला, बाहेर व्हरांड्यात गेला.

मतदान झालं. तीन विरुद्ध दोन.
पिपला भिंत हवी होती, वटवाघळांसाठी नव्हे,
का ते तिला सांगता येईना.
रीपेका म्हणाली, ओढा त्याच्या वाटेनं चाललाय,
वाटेत गिरणी आपण उभी केली.

खिडकीतून मला क्लॅरी दिसत होता.
समोरच्या टेकडीवर रिमूची झाडं मोजत असावा,
नजर एकेका शेंड्यावर थांबून पुढे सरकत होती.
त्या उतारावर उरलेत ते बोटांवर मोजण्याइतकेच.
त्याच्या बोटांवर. म्हणजे आठ.
बाकीचे कुणी कापले, ते त्याला विचारायला नको.

ग्वेन स्वतः सांगायला गेली.
काय बोलले ते काचेतून ऐकू आलं नाही.
आत येऊन तो म्हणाला,
'चहा उरलाय का?'
आणि कप उजव्या हातानं धरला, नेहमीसारखा,
डावा खिशात.

इतिवृत्तात मी लिहिलं :
श्री. स्टब्ज, हितसंबंध, दोन बोटं.
ग्वेननं पेन्सिलीनं 'बोटं'खाली रेघ ओढली,
थोडा वेळ बघत राहिली,
मग खोडरबर मागितलं
आणि रेघ पुसली. शब्द राहू दिला.

तक्त्यातला त्याचा रकाना
मी तसाच छापायला पाठवला.
छापखान्यातून फोन आला,
इथं काही सुटलंय का?