समोरचा

शहापुरात, माग बंद पडलेल्या माडीवर
रेणू मुचंडीनं खोली घेतलीय भाड्यानं.
मंगळवारी-शुक्रवारी मी जाऊन बसतो तिथं
उत्तरेच्या खिडकीकडं तोंड करून.
"फोटोला बसल्यासारखं नको, मामा."
मग कसं?
"कारखान्यात उभे राहत होता, तसं बसा."
घ्या. उभं राहिल्यासारखं बसायचं.

एकतीस वर्षं उद्यमबागेत मोल्डर होतो मी.
काळी वाळू ठोकायची, पॅटर्न अलगद उपसायचा,
मागं जी पोकळी राहील तिला जपायचं,
फुंकरीनंसुद्धा कड ढासळते.
रस ओतेपर्यंत वस्तू म्हणजे
वस्तू नसलेली जागा.
हे सांगितलं, तर पोरगी ब्रश खाली ठेवून बघतच राहिली.
त्या दिवसापासून ती नाक रंगवत नाही,
नाकाभोवतीचा उजेड रंगवते.

नाकाला मूगु, हे मला दुंडाप्पानं शिकवलं.
मी म्हटलं, आमच्यात मूग गिळतात
आणि गप्प बसतात.
इतका हसला की पेटी हलली, साचा फुटला,
फोरमननं दोघांची अर्धी पाळी कापली.
डोळ्याला कण्णु, कानाला किवि,
मुख तेवढं दोघांचंही मुखच.
बाहेर पाट्यांवर डांबर फासलं जात होतं त्या साली.
आत वरची पेटी उचलायला दोघं लागायचे,
एक कडी त्याच्या हातात, एक माझ्या.
तो "एत्तु" म्हणायचा,
आणि भुवया पेटीच्या आधी वर जायच्या त्याच्या.

अकरा चित्रं झाली.
पहिलं बायकोनं ओळखलं.
चौथ्यात रेणूनं सुरीनं गाल खरवडला,
खाली आणखी एक गाल निघाला, ओला.
सातव्यात डोळेच नाहीत.
बायको म्हणाली, बसायचे पैसे तरी देते का ती?
नवव्यात काहीच नाही, डाव्या डोळ्याखाली
ठिणगीचा डाग तेवढा.

अकरावं भिंतीकडं फिरवून ठेवलेलं. वळवलं तिनं.
मी चष्मा पुसून परत घातला.
डाग माझा, जागच्या जागी.
पण खालचा ओठ दाताखाली धरलेला,
भुवया वर, रस कुठवर चढला बघत असल्यासारख्या...
अरे, हा तर दुंडाप्पा!
त्याला जाऊन सहा वर्षं झाली.
रेणूनं त्याला पाहिलेलं नाही,
त्याचा फोटो एकच, तोही ईएसआयच्या कार्डावर.

"स्वतःचा चेहरा किती बघितला असेल, मामा, आयुष्यात?"
दाढीपुरता. तोही अर्धा साबणाखाली.
"आणि समोरचा?"
मी बोललो नाही. पाळी आठ तासांची असायची.

घरी येऊन हात-पाय धुतले.
मोरीतल्या आरशापुढं उभा राहिलो,
बायकोला ऐकू जाणार नाही इतक्या हळू म्हटलं,
एत्तु.

भुवया वर गेल्या.