उघडल्याची तारीख

झाकणावर पेन्सिलीनं लिहिलंय: उघडला, नऊ ऑगस्ट.
साल लिहायचं राहिलं.
तेव्हा वाटलं असेल, एवढं कुठलं उरायला!

पाण्यातलं व्हार्निश थंडीला भितं.
तेलातलं सोशिक, बाहेर शेडमध्ये पडून राहतं,
उणे तीसमध्ये थिजतं
आणि एप्रिलात मुकाट्यानं पुन्हा वाहतं.
हे एकदा गोठलं की फाटलं,
नासलेल्या दुधासारखं, कायमचं.
म्हणून नुर्मेसमधल्या या घरात
नोव्हेंबर लागला की डबा माझ्या पलंगाखाली झोपतो,
बुटांशेजारी.
पाहुणे विचारत नाहीत. पाहुणे येतात तरी किती.

दुसरी वैरीण हवा.
जेवढं वापरावं तेवढी डब्यात पोकळी,
पोकळीखाली साय धरते.
यावरचा उपाय आर्नीनं दिला,
सात वर्षांचा असताना, त्याच्याच नकळत:
त्याच्या गोट्या धुऊन पुसून
मी एकेक आत सोडल्या.
पातळी चढली, काठाला टेकली, झाकण बसलं.
पाच तारांच्या कांतेलेमागे चार गोट्या,
मोठ्या कांतेलेमागे अकरा.
तो रोज मोजायचा. आई, घरात चोर आहे.
चोर रात्री त्याच्या पायांवर
पांघरूण सारखं करत होता.

मग डबे बदलत गेले. गोट्या त्याच.
आर्नी औलूला गेला, तिकडचाच झाला.

परवा ऐली आली, कांतेले छातीशी धरून.
स्लेज उलटली, आल्डरच्या कडेला वीतभर ओरखडा.
तेच लाव, म्हणाली, पूर्वीचंच.
तिचं बरोबर होतं.
नवं येतं ते किंचित निळसर.
कारखान्यानं काहीतरी बदललंय
आणि डब्यावर छापलंय: सुधारित.
जुन्यात फिक्या चहाची झाक होती,
लाकूड त्याखाली जागं दिसायचं.

उघडलं. कुबट वास नाही.
वरची साय सुरीनं उचलली,
बुडबुडा येऊ न देता हळू ढवळलं,
जुन्या नायलॉनच्या मोज्यातून गाळलं,
आल्डरच्या तुकड्यावर एक हात फिरवला.
तासाभरात वाळलं.
काय सुंदर दिसत होतं!
आठ दिवस मी त्याच्याकडे बघितलं नाही,
म्हणजे रोज बघितलं, हात लावला नाही.
नवव्या दिवशी अंगठ्याचं नख दाबलं.
रुतलं.
एवढीशी चंद्रकोर उमटली आणि भरून आली नाही.

लावलं असतं तर सहा महिने कुणाला कळलं नसतं.
मग जूनमध्ये, उघड्या मांडीच्या उबेनं,
तिच्या फ्रॉकचा एखादा धागा तिथं चिकटला असता,
आणि तिनं मला विचारलंही नसतं.

फोनवर सांगितलं, ते म्हातारं झालंय,
वाळतं, पण कडक होत नाही.
ती जरा थांबली.
मग स्लेजला लाव, म्हणाली. चूक तिचीच होती.

लावलं. दोन हात, स्लेजच्या पाठीवर.
कांतेलेला नवं लावलं.
सकाळच्या खिडकीत आडवं धरलं
तर वीतभर निळं दिसतं अजून.
ऐलीच्या आईला दिसलं. तिनं पैसे कमी केले नाहीत,
मी घेतले कमी.

तळाशी फक्त गोट्या उरल्या, दुधाळ, एकमेकींना धरून.
वर्तमानपत्रावर पसरल्या.
सकाळपर्यंत दूध उतरलं
आणि आतली हिरवी, लाल, पिवळी पाकळी
पुन्हा दिसायला लागली.
काचेवर काचेसारखंच काहीतरी.
तिथं नख लावून पाहिलं नाही.

खोक्यात भरून औलूला पाठवल्या. चिठ्ठी लिहिली नाही.
चोवीस वर्षांनी चोर काय लिहिणार?

गुरुवारी त्याचा निरोप आला:
एक्केचाळीस मिळाल्या. बेचाळीस होत्या.

मी पलंगाखाली वाकले,
नवा डबा ओढला, जरा कलता केला.
टक्.