पांडवलेण्याच्या पायथ्याशी टेक्सास

सन चोपन्न. अकरा दिवस, मोजून आणलेली फिल्म,
आणि टेक्सास कुठे असतं कुणालाच नक्की ठाऊक नव्हतं.
कॅमेऱ्यावरचे होर्मसजी म्हणाले, पाण्यापासून लांब कुठेतरी.
म्हणून गोदावरीकडे पाठ करून
लेण्यांच्या पायथ्याशी उभा राहिला दारूचा गुत्ता:
द्राक्षांच्या खोक्यांच्या फळ्या, समोरून दोन मजली,
मागून शेळ्या.

बूट देवळालीच्या जुन्या बाजारातले, गेलेल्या गोऱ्यांचे.
एका जोडीत दोन्ही डावे निघाले,
ते खलनायकाच्या भावाला दिले.
तो शेवटपर्यंत लंगडला, लोकांना वाटलं अभिनय.

शेरीफचा तारा माझ्या बापाने केला,
तांबट आळीत, फुटक्या घंगाळातून.
टोकं किती? कुणी म्हणालं पाच, कुणी सहा.
बापाने सात काढली.
"एक माझ्याकडून."

मी अकराचा. माझं काम परात धरणं.
आईच्या लग्नातली, चिंचेने घासून लख्ख,
तिच्यातून ऊन हिरोच्या तोंडावर फेकायचं.
हलली की शिवी.

घोडी उस्मानभाईंची, शेवंती, टांग्याची.
नाशिकरोड ते रविवार कारंजा,
याच्यापलीकडे तिला जग नव्हतं.
पाठलाग सुटला. मागे तीन दरोडेखोर,
दोन तालमीतले, एक रजेवरचा पोस्टमन.
धूळ छान उडाली,
आणि ऐन भरात ती थांबली.
टाच, चाबूक, आई-माई. ढिम्म.
दरोडेखोर हिरोला मागे टाकून निघून गेले.
लांबून उस्मानभाई ओरडले,
"साहेब, कुणीतरी हात केला असणार!"

हात माझा होता.
परातीवरची माशी हाकलत होतो.

फिल्म उरली नव्हती, तोच शॉट ठेवला.
वरून घुबडाचा आवाज चिकटवला,
म्हणजे हिरोला चाहूल लागली.
चार दिवस चालला सिनेमा.
ती जागा आली की टांगेवाल्यांची अख्खी रांग ओरडायची,
"चला स्टेशन, एक सीट, एक सीट!"
आणि तो घोड्यावर बसून क्षितिजाकडे बघत राहायचा.

बाप एकदाच आला.
पडदा काळा-पांढरा. तारा राखेच्या रंगाचा.
मध्यंतरापर्यंत गप्प, मग म्हणाला,
"तांबं आहे हे कुणाला कळणार?"

मी काही बोललो नाही.
हिरोच्या गालावर उजेडाचा एक गोल थरथरत होता,
आणि त्याच्या कडेला, अगदी स्पष्ट,
आमच्या परातीचा पोचा.